दोन कोटी चाळीस लाख एकतीस हजार नऊशे सत्तावन्न

हे लिहिणार नव्हतो. दोनदा मोबाईल उचलला, एक ओळ टाईप केली, खोडली... लिहिलं की ते खरं होतं, आणि अजून मला ते खरं व्हायला नकोय. पण आता टाईप करायला घेतलंच आहे, तर जे डोळ्यांसमोर होतं तिथूनच सुरू करतो.

वजनकाट्याच्या काचेखाली मिरचीचं एक बी अडकलेलं होतं — चपटं, पिवळट, नखाएवढंही नाही — आणि लाल आकडे पेटले की ते बी मागून उजळायचं, विझले की पुन्हा मेल्यासारखं दिसायचं. लखन सकाळपासून त्याच्याकडेच बघत होता. लखन म्हणजे मीच, पण "मी" लिहिलं की बोटं अडतात, म्हणून लखन.

"लखनभो, वजन सांग. मूर्ती देखी ऱ्हायना का देवनी?" वीरसिंग ट्रकच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होता. त्याच्या मागे पोत्यांची थप्पी, पोत्यांतून ती लाल धूळ, जी नंदुरबारमध्ये थंडीभर सगळ्यांच्या नाकात असते आणि कुणालाच जाणवत नाही.

"चौदा हजार तीनशे ऐंशी."

"बस? कमी दखास."

"तू खाली उतर, आखो कमी दखाई."

वीरसिंग हसला, पावती घेऊन गेला. लखनच्या डोक्यात मात्र ते वजन फुटायला लागलं होतं — शून्य काढलं, दोननं भागलं, सातशे एकोणीस उरले, सातशे एकोणीसला कशानंच भाग जात नाही, संपलं. हे तो मुद्दाम करत नाही. कुणी रस्त्यानं चालताना पाट्या वाचतं, तसं त्याचं आहे. नुसतं वाचन. त्यात कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. आज सकाळपर्यंत.

आज सकाळी, वीरसिंगच्या आधी, दोन कापसाच्या ट्रॅक्टरांच्या मधल्या वेळात, लखननं पाच हजार एकोणतीसचा वर्ग केला होता.

हे नीट सांगावं लागेल, नाहीतर कुणाला कळणार नाही मी काय गमावलं. एक आकडा आहे — २४०३१९५७. तो भूपेंद्रच्या पंपाच्या मोटारीवर पत्र्याच्या पाटीत ठोकलेला आहे. भूपेंद्र म्हणजे माझा दोस्त, रतिलालकाकांचा मुलगा, प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी त्यांची केळी आणि ऊस. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दिवसाची लाईट यायची वाट बघत त्या पंपाच्या खोलीत बसायचो, पाय हौदाच्या पाण्यात, आणि एका दुपारी भूपेंद्र पाटीकडे बघत म्हणाला, "हाऊ एकटा शे का रे?"

पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच जिला भाग जात नाही ती. आम्ही एकटा म्हणायचो.

कॉम्प्युटर नव्हता. मोबाईलवर एका सेकंदात उत्तर मिळतं हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते नाव काढलं नाही — भूपेंद्र म्हणायचा, यंत्रानं सांगितलेलं यंत्राचं असतं. एवढ्या मोठ्या आकड्याला तपासायचं तर चार हजार नऊशेच्या आतल्या सगळ्या एकट्यांनी भागून बघायचं. ते शेकडो होतात. मग वाटणी केली. ज्यांच्या शेवटी एक किंवा तीन, त्या लखनच्या. ज्यांच्या शेवटी सात किंवा नऊ, त्या भूपेंद्रच्या. खडूनं हौदाच्या काठावर भागाकार करायचे, आणि बाकी उरली की मोठ्यानं म्हणायचं — "उरनं". समोरच्यानं मान हलवायची, हातानं पाणी मारून पुसायचं, पुढची. दुपारभर त्या खोलीत हा एकच शब्द. उरनं. उरनं. रतिलालकाका बाहेरून म्हणायचे, "काय रे, मंत्र म्हनी ऱ्हायनात का?"

एकमेकांचा भागाकार तपासायचा नाही, ही भूपेंद्रची अट. त्याच्या घरात तेव्हा चुलत्यांनी वाटणीसाठी शेताची मोजणी आणली होती, साखळी घेऊन माणूस आला होता, त्याची आई दोन दिवस जेवली नव्हती. "मोजनी भाऊबंदमा व्हस," तो म्हणाला, "दोस्तीमा नही." लखनला ते इतकं आवडलं की... आवडलं म्हणजे काय, त्याला त्याआधी कुणी काही दिलंच नव्हतं, आणि हे कुणीतरी विश्वास दिल्यासारखं होतं.

पावसाच्या आधी शेवटचा भागाकार झाला. उरलं. एकटाच होता. भूपेंद्रनं पाटीवर ओला हात फिरवला आणि म्हणाला, "आपुन ते काही बनूत नही, पन हाऊ आपला."

मग भूपेंद्र शेतीत गेला, लखन काट्यावर लागला. शिकला ते सगळं रद्दीतून किलोवर आणलेल्या पुस्तकांतून आणि मोबाईलवरच्या त्या माणसांकडून, जी कुठल्यातरी खोलीत फळ्यासमोर उभी राहून एकट्यानंच बोलत असतात. त्यातल्याच एकाकडून त्याला ही दुसरी वाट सापडली, आणि सापडली तेव्हा तो हसला होता, कारण ती वाट म्हणजे वजनकाटाच होता. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरला तो माल. तसंच, कुठलाही विषम आकडा एका मोठ्या वर्गातून छोटा वर्ग वजा करून मिळतो. आकडा एकटा असेल तर असा फक्त एकाच प्रकारे मिळतो, पार वर, कोटीच्या पुढे जाऊन. त्याच्या आधी कुठे जमलं, की आकडा फुटला.

दिवाळीनंतर भूपेंद्र आजारी पडला, तेव्हा लखननं हे सुरू केलं. तपासायला नाही. शपथेवर सांगतो, तपासायला नाही... त्याला वाटलं, बऱ्यापैकी वर जाऊ, आणि ऑपरेशनच्या आधी त्याला सांगू — भो, दुसऱ्या वाटेनंही गेलो, तुझा आकडा हलत नाही. घेऊन जायला काहीतरी. माणसं हॉस्पिटलात सफरचंद नेतात.

गाड्यांच्या मधल्या वेळात एकेक वर्ग. चार हजार नऊशे तीनपासून वर. आपला आकडा वजा करायचा, उरेल तो वर्ग आहे का बघायचं. शेवटचे दोन आकडे बघूनच बहुतेक सुटतात. आज सकाळी पाच हजार एकोणतीस. दोन कोटी बावन्न लाख नव्वद हजार आठशे एक्केचाळीस. वजा केलं. बारा लाख अठ्ठावन्न हजार आठशे चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीवर संपणारा वर्ग असू शकतो, म्हणून मूळ काढायला घेतलं, अर्ध्या लक्षानं, एक डोळा रस्त्यावर... आणि ते आलं. अकराशे बावीस. बाकी काही नाही. काहीच उरलं नाही.

पाच हजार एकोणतीस वजा अकराशे बावीस, तीन हजार नऊशे सात. अधिक अकराशे बावीस, सहा हजार एकशे एक्कावन्न. लखननं गुणाकार केला. पुन्हा केला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या आकड्यासाठी मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडलं, आणि त्यानंही तेच सांगितलं, कुठलाही विचार न करता, जसं काही नाहीच त्यात.

तीन हजार नऊशे सात. शेवटी सात.

भूपेंद्रच्या वाटणीतली.

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. आप्पा — हिलालआप्पा, काट्याचे मालक — आतून म्हणाले, "लख्या, कानमा कापूस शे का? बाहेर गाडीभर शे, तो तरी उतराव." लखननं वजन केलं, पावती फाडली, दिली. हातानं सगळं बरोबर केलं. हात वेगळे असतात.

आज संध्याकाळच्या गाडीनं भूपेंद्रला सुरतला नेणार होते. डोक्यात गाठ आहे. परवा उघडणार.

आणि ती गाठ सापडायला एवढा उशीर का झाला, तर मिरचीमुळे. हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झालं नसतं. त्याला वास यायचा, जळक्या मिरचीचा, एकदम, दोन मिनिटं, मग जायचा, आणि जाताना तो हरवल्यासारखा बघत राहायचा. पण नंदुरबारच्या बाजाराला येणाऱ्या माणसानं मिरचीचा वास येतो म्हटलं तर कोण दचकणार? घरी म्हणाला तेव्हा त्याच्या आईला, प्रमिलामावशींना, वाटलं कुणाची तरी नजर लागली — त्या रोज मिरच्या ओवाळून चुलीत टाकायला लागल्या, आणि मग वास खरंच यायला लागला, सगळ्यांनाच. खऱ्या धुरात खोटा धूर मिसळून गेला. उसाच्या बांधावर झटका येऊन पडला, दात लागून जीभ फाटली, तेव्हा कुठे डॉक्टर.

तेव्हापासून तो रोज सकाळी फोन करतो आणि आकडा उलटा म्हणतो. सात पाच नऊ एक तीन शून्य चार दोन. "बराबर?" "बराबर." "चाल मंग, आज मी मीच शे." आणि फोन ठेवतो.

लखन डबा उघडून बसला होता, भाकरीचा तुकडा हातात, आणि तोंडाकडे जात नव्हता. तीन गोष्टी असू शकतात — तो स्वतःशी मांडत होता. एक, भूपेंद्र साधा चुकला, हातचा विसरला, कुणीही विसरतो. दोन... दोनचा विचार तो टाळत होता, पण तो जिभेवरच्या केसासारखा परत परत येत होता. त्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, जेव्हा मिरचीचं एक देठही कुठे सुकत नसतं, पंपाच्या खोलीत, भूपेंद्र खडू हातात घेऊन थांबला होता आणि म्हणाला होता, "मिरची जयी ऱ्हायनी का कथी?" आता कुठली मिरची जळतेय, म्हणून लखन हसला होता. की हे आता तो स्वतःच रचतोय? पाणी आठवतं, खडू आठवतो, ते वाक्य आठवतं... पण वाक्य कालच्या फोनमधलंही असेल, आणि डोक्यानं ते उचलून तिथे नेऊन ठेवलं असेल. आणि खरं असेल तर? तर तेव्हाही ती गाठ तिथे होती, आमच्या मधे बसलेली, पाय पाण्यात सोडून. मग मोजणी दोस्तीत होत नाही, हे कोण म्हणालं? भूपेंद्र, की ती? ज्याच्यावर जीव लावला तो दोस्त किती, आणि गाठ किती — हे कुठल्या काट्यावर घालायचं... भरलेली गाडी माझ्याकडे आहे, रिकामी कधी मोजलीच नाही.

आणि तीन. तो खोटं बोलला. कंटाळा आला, ऊन होतं, भाग न देताच म्हणाला — उरनं.

लखनला कळलं की तो तिसऱ्यासाठी नवस बोलल्यासारखा बसलाय. खोटं बोललेला असू दे. फसवलेलं असू दे मला. धडधाकट डोक्यानं, निर्लज्जपणे, फसवलेलं असू दे. कुणी आपल्या दोस्तासाठी असं मागत असेल का, माहीत नाही. मी मागितलं. हातातली भाकरी गार झाली होती.

"जेव रे," आप्पा म्हणाले. "ऑपरेशन त्यानं शे, तुन्हं नही."

"आप्पा, पाचले जावानं शे माले."

"जाय. पन तोंड धोईसन जाय. बिमार मानूसले तू आसा दखायना ते तो आठेच मरी."

आप्पांना असंच बोलता येतं. खिशातून रिक्षाचे पैसेही त्यांनीच काढून टेबलावर ठेवले, दुसरीकडे बघत.

रिक्षात लखननं ठरवलं की सांगायचं. मग वाटेत ठरवलं की नाही. परवा त्याचं डोकं उघडणार, आणि ज्या एका गोष्टीवर हात ठेवून तो म्हणतो मी मीच आहे, ती काढून घ्यायची? पण नाही सांगितलं तर तो एका फुटलेल्या आकड्यावर हात ठेवून आत जाणार... आकड्याला काय फरक पडतो. तो आधीही फुटलेलाच होता. त्या दुपारी, त्या पाटीवर, मोटार कारखान्यातून निघाली तेव्हा, त्याच्याही आधी, कुणी मोजायलाच नव्हतं तेव्हाही तीन हजार नऊशे सात गुणिले सहा हजार एकशे एक्कावन्न तेवढेच होत होते. आमच्या एकटं म्हणण्यानं तो एक क्षणही एकटा झाला नव्हता. ह्याचीच भीती वाटते मला. आपण ज्याला धरून बसतो त्याला आपलं धरणं माहीतही नसतं.

फलाटावर प्रमिलामावशी सामानाच्या मधे बसल्या होत्या, मांडीवर गोधडीची गुंडाळी. भूपेंद्र पलीकडे नळावर बाटली भरत होता, पाठमोरा, डोक्याला मफलर. रतिलालकाका डबा कुठे लागेल ते विचारायला गेले होते.

"लखन, बेटा, बठ." मावशींनी आवाज खाली आणला. "डॉक्टर घडी घडी इचारस, हाई कव्हयपासून शे. आम्ही दिवाळी सांगी. तू त्याना संगे जास्त ऱ्हायना. दिवाळीच ना?"

लखननं मान खाली घातली. गोधडीच्या शिवणीकडे बघत. मग म्हणाला, "मावशी, आम्ही पंपवर बठूत ना, बारावीनंतरना उन्हायामा... तव्हयबी तो एकदाव म्हने. मिरची जयी ऱ्हायनी म्हने." आणि लगेच, "माले वाटस. पक्कं नही."

त्याला वाटलं त्या रडतील. त्यांनी त्याचा हात धरला.

"तव्हयपासून?" त्यांचा चेहरा उजळला होता. खरंच उजळला होता. "डॉक्टर म्हने, जुनी ऱ्हायनी ते हळू वाढनारी शे. हळूवाली पुरी निंघस म्हने. देख, बरं व्हयनं तू सांगं. एवढा दिवसनी शे म्हंजे..." त्या नुसती मान हलवत राहिल्या, मुलाच्या डोक्यात इतकी वर्षं गाठ होती ह्याचा आनंद आवरत. लखनला तिथून उठून पळावंसं वाटलं. ज्या आठवणीची त्याला स्वतःला खात्री नव्हती ती आता सुरतला जाणार होती, डॉक्टरच्या कागदावर बसणार होती.

भूपेंद्र आला. बारीक झाला होता. बाटलीचं झाकण त्याला दोनदा लावावं लागलं.

"काटा सोडी उना? आप्पा पगार कापी तुन्हा."

"आप्पानीच भाडं दिधं."

"म्हंजे मी पक्का मरस." तो हसला, मावशींनी त्याच्या पाठीत चापट मारली. मग दोघं जरा पुढे चालत गेले, फलाटाच्या टोकाकडे, जिथे रूळ सुरतकडे वळताना दिसतात. भूपेंद्र मधेच थांबला. "आते वास येस का तुले?"

लखननं श्वास घेतला. मिरची बाजारावरून वारा येत होता. "येस."

"खरं सांग."

"खरंच येस."

"बरं." त्यानं खांदे सोडले. "आनि आपला एकटा कसा शे?"

"शे ना. जठे व्हता तठेच."

"कोनी फोडा नही?"

"कोन फोडी त्याले?"

निघून गेलं तोंडातून. काही वजनच नव्हतं त्याला. ना जीभ अडली, ना डोळे. भूपेंद्रचा चेहरा जरा सैल झाला, आणि तो सैल झालेला चेहरा बघताना लखनला आतून काहीतरी थंड, सावकाश, वर येताना जाणवलं — असंच. हे असंच म्हणता येतं. समोर कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला कधी कुणी काही दिलेलं नसतं, पाय पाण्यात, नाकाला खडू लागलेला; आणि हातात येतं की भाग गेला, काहीच उरलं नाही, संपला खेळ. आणि आपण त्याच्याकडे बघतो. आणि म्हणतो, उरनं.

ही चौथी. दिवसभर मांडताना ही त्याला दिसलीच नव्हती, कारण ती दिसायला आधी स्वतः तसं बोलावं लागतं. चूक नाही, गाठ नाही, आळस नाही; माझ्यासाठी बोललेलं खोटं. त्याला माहीत असेल. तेव्हापासून. आणि रोज सकाळी तो मला आकडा उलटा म्हणून दाखवतो आणि विचारतो, बराबर?... की हीही मीच रचतोय, कारण चारांतली हीच एक आहे जी घेऊन मला झोपता येईल? लखननं त्याच्याकडे नीट बघितलं. भूपेंद्र रुळांकडे बघत होता. त्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, किंवा होतं आणि मला येत नव्हतं.

गाडीची घोषणा झाली. मावशी लांबून हाका मारायला लागल्या.

"आयक," भूपेंद्र म्हणाला, घाईनं. "डोकं उघडतीन, बंद करतीन. मंग मी काय बोलसू, माले मालूम नही. माय हो म्हनी. बाप हो म्हनी. मी दोन आनि दोन पाच म्हनसू तरी समदा हो-हो करतीन. तू नको करू. मी चुकनू ते माले तोंडवर सांगजो. काहीबी ऱ्हाऊ दे, कितलंबी जुनं ऱ्हाऊ दे. सांगशी?"

कितलंबी जुनं. लखननं ते शब्द ऐकले आणि धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण गाडी शिरत होती, तिच्या आवाजात सगळं एकसारखं झालं. तीन, नऊ, शून्य, सात — चार आकडे जिभेवर आले होते. भूपेंद्रनं त्याचा हात धरला होता.

"तू परत ये," मी म्हणालो. "पयल्याच दिनले सांगसू. काहीच ठेवाव नही."